कण सुटे होते

तब्रिज, ५ मेहर

नाही उस्ता, हे चालणार नाही. घरी आलेल्या माणसाला बैठकीत बसवायचं, चहा पाजायचा आणि स्वतः मागच्या दाराने बागेत पळायचं, याला काय म्हणतात? मी शुक्रवारची सुट्टी घालवून, मिनीबसमध्ये मांडीवर कोंबडी घेतलेल्या बाईशेजारी बसून अहरला आले. तुमचे बूट दारात होते. कोट खुंटीला होता. आणि मलाहत खाला मला सांगतात, उस्ता घरी नाहीत. मग मागे लाकडं कोण फोडत होतं? बोका?

खाला, हे तुम्हीच वाचून दाखवत असणार. उस्तांना आकडे सोडून दुसरं काही वाचायचा कंटाळा आहे हे अख्ख्या कारखान्याला माहीत आहे. तर इथे हसू नका, थांबूही नका. पुढचं वाचा.

उस्ता, चिडा ना माझ्यावर. पण बोलून चिडा. तुम्ही खालांकडे निरोप काय ठेवलात, तर "इंजिनियरबाईंना सांग, माझ्याकडे आता त्यांच्या कामाचं काही नाही." इंजिनियरबाई? तीन वर्षं मला "पोरी" म्हणत होतात. त्यापेक्षा दोन शिव्या घातल्या असत्यात तर माझी फेरी तरी फुकट गेली नसती.

मी का आले होते ते ऐका. पंपवाले आपल्याला आणखी एक संधी देतायत. तोच रॉड, माझं तेच डिझाइन, नवे बारा नग. अडीच महिन्यांनी, आज़रच्या विसाव्या तारखेपर्यंत, इंजिनाच्या टेस्टचे शंभर तास पुरे झाले पाहिजेत.

खाला, तुमच्यासाठी सांगते, कारण हा माणूस चाळीस वर्षांत घरी कामाचं एक अक्षर बोलला नसणार. इंजिनात पिस्टन वरखाली जातो आणि खालचा क्रँक गोल फिरतो. दोघांना धरून ठेवणारा जो हात असतो तो कनेक्टिंग रॉड. आमच्या कारखान्यातले चौदा जण फक्त तेवढंच बनवतात, आणि विहिरीवरच्या पंपांची इंजिनं बनवणारे ते पंपवाले आमचं गिऱ्हाईक. रॉडच्या खालच्या टोकाला मोठा गोल डोळा असतो, तो क्रँकला मिठी मारतो. पण अख्खी बांगडी क्रँकवर चढणार कशी? म्हणून तिचे दोन तुकडे करायचे, वरचा रॉड आणि खालची कॅप, आणि दोन बोल्टनी आवळायचे. इंजिन त्या जोडाला मिनिटाला दोन हजार वेळा ओढतं आणि दाबतं. जोड केसभर सरकला तरी खेळ संपला. तर आजवर उस्ता तो डोळा करवतीने कापायचे, दोन्ही बाजू घासून आरशासारख्या करायचे आणि कॅप घसरू नये म्हणून खुंट्या ठोकायचे. मी म्हटलं, कापायचाच नाही. आतून दोन बारीक खाचा पाडायच्या, पाचर घालायची आणि एका दणक्यात फोडायचा. फुटलेल्या बाजू ओबडधोबड असतात, पण त्यातली प्रत्येक फक्त आपल्या जोडीदारातच बसते. खुंटी नको, घासणं नको. बाहेरच्या जगात हे कधीचं चालतं. आमच्या गल्लीत कोणी केलं नव्हतं.

आणि पहिल्या बारा नगांचं काय झालं ते तुम्हाला ठाऊकच आहे, खाला. वसंतात, उर्दीबहिश्तमधल्या त्या दिवसापासून हे घरी आहेत.

मी खरं तर आभार मानायला आले होते. ते राहूनच गेलं. चहा मात्र छान होता.

तुमची (तुम्ही काही म्हणा)
तरलान


तब्रिज, २६ मेहर

आभार कशाचे, असं तुम्ही विचाराल. म्हणजे विचारणार नाही, तुम्ही तोंडात गुळणी धरून बसला आहात. पण समजा विचारलंत.

माझा पहिला महिना आठवा. विद्यापीठातून नवीन नवीन बाहेर पडलेली मी, नाकाने कांदे सोलणारी. तुम्ही चाळीस रॉड जोडून ठेवले होते, उद्या प्रत्येक जोडीवर नंबर मारायचे म्हणून. मला वाटलं, चला, आपण काहीतरी उपयोगी करू. मी चाळीसही कॅपा सोडवल्या आणि एका टबात डिझेलमध्ये धुऊन काढल्या. छान चकचकीत ढीग. कुठली कॅप कुठल्या रॉडची, ते फक्त देवाला ठाऊक.

तुम्ही टब बघितला. मग मला बघितलं. मी तर तिथेच रडायच्या बेतात होते. तुम्ही स्टूल ओढलं, बसलात आणि दोन दिवस एकेक कॅप एकेका रॉडवर ठेवून, बोटाने कड चाचपत जोड्या लावल्यात. दोन दिवस, उस्ता. तिसऱ्या दिवशी मालक हाजी नकी मालकाच्याच आवाजात विचारायला आले की माल का अडला. तुम्ही वरसुद्धा न बघता म्हणालात, "धुवायला मीच सांगितलं होतं. नंबर मारायचे माझ्याकडून राहिले." हाजी पुटपुटत गेले. मग मला म्हणालात, "आधी नंबर, पोरी. मग लग्न, मग आंघोळ."

मी ते पाटीवर लिहून माझ्या टेबलावर लावलंय. येणारे जाणारे विचित्र बघतात.

आणि ते दुसरं. मी कागदावर जोडाची रेघ काढली की तुम्ही विचारायचात, ही रेघ लोखंडात कुठे आहे ते दाखव. मी म्हणायचे, रेघ नसते उस्ता, तिथे दोन पृष्ठभाग भेटतात. तुम्ही म्हणायचात, मग भेटतात कसे ते काढ. मी चिडायचे. घरी जाऊन भावाला सांगायचे की आमच्याकडे एक म्हातारा आहे, त्याला डिझाइन कशाशी खातात ते कळत नाही. आता कळतं मला की मी उंटावरून शेळ्या हाकत होते. चार वर्षं कॉलेजात जे शिकवलं नाही ते तुम्ही एका प्रश्नात विचारलंत. त्याचे आभार, घ्या.

आता वाईट बातमी. पंपवाल्यांना मागच्या अपघाताच्या कारणाचा कागद हवा असतो. हाजींनी तो लिहिला आहे. तुमच्या नावाची एकच ओळ: "कामगार हातम याने कोणतीही सूचना नसताना फुटलेल्या बाजू दगडाने घासल्या." खाली डिझाइन करणाऱ्याची सही लागते. मी अजून केलेली नाही.

तुम्ही एक शब्द लिहून पाठवलात तर मला बळ येईल. खालांच्या हातचा चालेल.

तरलान


तब्रिज, ९ आबान

खाला, अक्रोड मिळाले. आणि पिशवीच्या तळाशी ती चिठ्ठी. "तो भिंतीकडे तोंड करून ऐकतो. पण मी दमून थांबले की म्हणतो, पुढे." मी ती ओळ तुमच्या हाताखालच्या यावरला वाचून दाखवली. उस्ता, तो यावर आता तुमच्या जागेवर बसतो. तुमचं स्टूल त्याने बाजूला ठेवलंय, स्वतः एका खोक्यावर बसतो. मी म्हटलं, अरे, बस की त्यावर. तो म्हणाला, बाई, माझ्या बुडाला अजून तेवढी अक्कल नाही.

आज फक्त एक प्रश्न. दुसरं काही नाही, उपकाराची भाषाही नाही.

तुम्ही त्या बाजू का घासल्यात?

मी पाच महिने समजत होते की ती सवय होती. चाळीस वर्षं आरसे केलेत, खडबडीत दिसलं की हात आपोआप दगडाकडे जातो. हाजीही तेच म्हणतात, सगळेच म्हणतात. पण काल रात्री (काल दुपारी, खरं सांगायचं तर, कामाच्या वेळी, खिडकीतून बाहेर बघताना) माझ्या डोक्यात आलं की दोन दिवस बसून चाळीस जोड्या बोटाने ओळखणाऱ्या माणसाला हे कळलं नसेल का, की या बाजू घासल्या तर जोडी मोडेल? तुम्हाला कळलं असणार. मग तुम्ही तिथे असं काय पाहिलंत, की कळत असूनही दगड उचललात?

एवढंच सांगा. नवे बारा फोडायला तीन-चार आठवडेच उरलेत.

त.


तब्रिज, १ आज़र

उस्ता,

खालांची ओळ परवा आली. "म्हणतो, कण सुटे होते."

तीन शब्द. मी ते वाचले आणि पहिल्यांदा मला राग आला, कारण ते इतकं साधं होतं.

माझ्या खणात एक तेरावा रॉड आहे. पाचर चालते का ते बघायला आपण सगळ्यात आधी फोडला होता तो. मी कागदांवर वजन म्हणून वापरते. त्याला तुमचा दगड कधी लागलेला नाही. मी तो यावरकडे नेला, कॅप लावली, बोल्ट पूर्ण आवळले, वर पाव वळसा दिला, जसा माझ्या कागदावर आहे तसा. मग सोडला आणि पांढऱ्या कागदावर धरून हलकेच ठोकला.

चिमूटभर काळे कण पडले. यावर म्हणाला, बाई, ही तर काळी मिरी.

म्हणजे फुटताना लोखंडाचे काही दाणे अर्धवट सुटतात आणि तिथेच लोंबकळत राहतात. बोल्ट आवळले की ते मध्ये सापडतात. जोड घट्ट वाटतो. मग इंजिन चालू होतं, दाणे चिरडून पीठ होतात, तेवढी फट पडते, बोल्टांचा ताण उतरतो आणि कॅप हलायला लागते. म्हणजे उस्ता, तुम्ही घासलं नसतंत तरी तो जोड सुटलाच असता. कदाचित तिसऱ्या तासाला नाही, तिसाव्या तासाला. पंपवाल्यांच्या टेस्टमध्ये नाही, कुणाच्या तरी सफरचंदाच्या बागेत, विहिरीवर, माणूस शेजारी उभा असताना.

दुखणं तुम्ही बरोबर ओळखलंत. औषध चुकलं, कारण औषध सांगायचं काम माझं होतं आणि मी ते कागदावर लिहिलंच नव्हतं. मला दाण्यांची कल्पनाच नव्हती.

औषध आता सापडलंय आणि ते हास्यास्पद सोपं आहे. फोडायचा, जोडायचा, पूर्ण ताकदीने आवळायचा म्हणजे सुटे दाणे तिथेच मोडतात. मग उघडायचा, हवेने फुंकायचा, हात न लावता परत जोडायचा. पण बोल्ट एकदा ताणला की तो मेला, परत वापरायचा नाही. म्हणून पहिल्या आवळणीचे बोल्ट वेगळे, शेवटचे वेगळे. म्हणजे दुप्पट बोल्ट लागणार. ते आणायला मी काल बाजारात उस्ता अल्लाहवेर्दींच्या दुकानात गेले.

आणि तिथे माझं तोंड काळं झालं.

मी तुमच्या कारखान्यातली म्हटल्यावर त्यांनी चहा मागवला, साखरेचा खडा दाताखाली धरला आणि म्हणाले, "हातम माझ्याकडे आला होता, उन्हाळ्यात. इंजिनं उघडायला मला त्याच्यासारखा हात या शहरात मिळणार नाही. घेतलाच होता मी त्याला. पण तो कागद बाजारभर फिरला. गिऱ्हाईक म्हणतं, तोच ना, ज्याने जोड घासला? त्याच्या हातचं इंजिन नको." मग पेला खाली ठेवून म्हणाले, "खाली सही तुझीच आहे ना, मुली?"

हो. माझीच आहे.

मेहरमध्ये मी तुम्हाला लिहिलं की सही केलेली नाही. ते खोटं होतं. सही मी अपघातानंतर चौथ्या दिवशीच केली. हाजींनी कागद सरकवला, म्हणाले, तरलान खानम, एकाचं नाव जायचंच आहे, हातमचं वय झालंय, तुझं सगळं आयुष्य पडलंय. मी वाद घातला नाही. पेनसुद्धा माझंच होतं.

तुम्ही अहरला शेगड्या दुरुस्त करता ते खालांनी सांगितलं होतं. मला वाटलं तुम्ही दमलात, गावी जाऊन निवांत बसलात. मला ते मानायला सोयीचं होतं.

आता उरलेलंही सांगते. त्या सकाळी तुम्ही बारांमधला पहिला फोडलेला रॉड हातात घेऊन माझ्या दारात आला होतात. विचारलंत, "पोरी, या बाजू अशाच राहू द्यायच्या, की काही करू?" आणि मी खुर्चीतून उठले, छातीवर हात ठेवला आणि म्हणाले, "उस्ता, मी कोण सांगणार? मर्जी तुमची."

आपल्याकडे असंच म्हणतात. टॅक्सीवाला भाडं घ्यायच्या आधी "राहू द्या" म्हणतो तसं, रीत म्हणून. मला वाटलं तुम्ही म्हातारपणाच्या अदबीने विचारताय, म्हणून मी तरुणपणाच्या अदबीने उत्तर दिलं. पण तुम्हाला खरंच विचारायचं होतं. तुमच्या हातात सुटे कण होते आणि तुम्ही डिझाइन करणाऱ्या माणसाला विचारायला आला होतात. चाळीस वर्षांत पहिल्यांदा तुम्ही कुणाला काम विचारलंत आणि मी तुम्हाला शिष्टाचार दिला.

मग टेस्टच्या तिसऱ्या तासाला इंजिन फुटलं, रॉड ब्लॉक फोडून बाहेर आला, पंपवाल्यांचे पाहुणे भिंतीला चिकटले. हाजींनी अंगणात सगळ्यांसमोर विचारलं, घासायला कोणी सांगितलं होतं? तुम्ही माझ्याकडे बघितलंत. फार वेळ नाही. एक श्वास. म्हणालात, "कोणी नाही. माझाच हात." ॲप्रन खिळ्याला लावलात आणि गेलात.

तुम्ही मला वाचवलंत आणि मी वाचले. आभार मानायचे तर याचे मानायला हवेत, आणि नेमके हेच तोंडातून निघत नाहीत.

खाला, आज थांबावंसं वाटलं तर थांबा.

तरलान


तब्रिज, ८ आज़र

थोडक्यात लिहिते, हात गारठलेत, कारखान्यातला हीटर परत रुसलाय.

मी नवा कागद केला. कारण: डिझाइनमध्ये सुट्या कणांचा विचार नाही. फुटलेल्या बाजूंबाबत सूचना नाही. कामगाराने विचारणा केली असता डिझाइन करणाऱ्याने उत्तर दिलं नाही. खाली माझं नाव, माझा शिक्का. हाजींना दाखवला असता तर तो शेगडीत गेला असता, म्हणून नाही दाखवला. सकाळी थेट पंपवाल्यांकडे नेऊन दिला.

तिथला तपासनीस चष्मा कपाळावर चढवून दोनदा वाचत बसला. म्हणाला, "खानम, टेस्ट दोन दिवसांवर आली आहे. हे नंतर नसतं का देता आलं?" मी म्हटलं, नंतर दिलं तर टेस्ट पास झाली म्हणून दिलं असं होईल. तो म्हणाला, "आणि नापास झाली तर?" मी म्हटलं, तर चुकीच्या माणसाने दुसऱ्यांदा डिझाइन केलं असं होईल, आणि ते खरं असेल.

मी बाहेर आले. कोपऱ्यावर गरम बीट घेतलं आणि उभ्या उभ्या खाल्लं, सगळे दात लाल.

दुपारपर्यंत हाजींना फोन गेला. त्यांचा आवाज चढला नाही हे जास्त वाईट. म्हणाले, टेस्ट संपेपर्यंत राहा, कारण तो रॉड तुझ्याशिवाय कुणाला कळत नाही. मग बघू.

तुमचं नाव नव्या डिझाइनवर टाकायचं माझ्या मनात होतं, उस्ता, त्या फुंकायच्या पायरीला. मग टाकलं नाही. तुमचं नाव कागदावर एकदा गेलं तेवढं पुरे झालं.

त.


अहर, २७ आज़र

तुमच्या अंगणातल्या बाकावर बसून लिहितेय. खाला नानच्या रांगेत गेल्यात, मला म्हणाल्या आत बस, शेगडीपाशी. मी म्हटलं इथेच बरं. तुम्ही घरामागे लाकडं फोडताय. आज बोका आहे असं कोणी म्हणालं नाही, तेवढी प्रगती.

शंभर तास झाले, उस्ता. रोज दहा तास, दहा दिवस. पहिल्या दिवशी तिसरा तास आला तेव्हा यावर हळूच दाराबाहेर जाऊन उभा राहिला. मी म्हटलं, अरे, आत ये. म्हणाला, बाई, मला लहान पोरं आहेत. चौथा तास लागल्यावर आला, आणि मग दहा दिवस जणू स्वतःच जन्म दिल्यासारखा त्या इंजिनाच्या उशाशी बसला.

विसाव्या तारखेला उघडलं. बोल्टांवर आम्ही लाल रंगाची रेघ मारून ठेवली होती, वळले तर कळावं म्हणून. इंजिनातल्या चार रॉडांच्या आठही रेघा जागच्या जागी. मग बोल्ट काढले, आणि कॅप सुटेना. बोल्ट नाहीत, काही नाही, तरी ती रॉडला धरून बसलेली. यावरने लाकडी हातोडीने दोनदा ठोकलं तेव्हा सुटली. तपासनिसाने आतल्या बाजूवरून नख फिरवलं आणि नख बघितलं. स्वच्छ. खालच्या सगळ्या बारीक खिंडी, टेकड्या फोडताना होत्या तशाच्या तशा. मला वाटलं तुम्हाला दाखवावं. म्हणून एक जोडी आणली आहे, या पत्रावर ठेवतेय. नंबर मारलेला आहे.

हाजींनी मला काढलं. चांगल्या माणसाने काढावं तसं काढलं. म्हणाले, "रॉड चांगला आहे, तू चांगली आहेस, पण मला डावलून पुढे गेलेल्या माणसाला मी रोज समोर बघू शकत नाही." आणि बदामी बिस्किटांचा डबा दिला. मी नको म्हटलं, ते घे म्हणाले, मी नको, ते घेच. तीन वेळा झाल्यावर घेतला. आपल्या शहरात माणसाला हाकलतानाही तोंड गोड करतात. अर्धा डबा मिनीबसमध्ये संपला, अर्धा खालांना दिलाय.

आता मुख्य गोष्ट. पंपवाल्यांनी जुना कागद रद्द केला. त्यावर आडवी रेघ, शिक्का, आणि माझा कागद त्याच्या जागी. दोन्हींच्या प्रती मी उस्ता अल्लाहवेर्दींकडे नेल्या. त्यांनी वाचून त्या दुकानाच्या काचेवर आतून चिकटवल्या, रस्त्याकडे तोंड करून. म्हणाले, "ज्या बाजारात बदनामी फिरली त्याच बाजाराला वाचू दे." येणारी गिऱ्हाइकं थांबून वाचतायत. एक म्हातारा वाचून मला म्हणाला, ही तरलान कोण पोरगी आहे, बाप नाही का हिला? मी म्हटलं, आहे, पण त्याला डिझाइन कशाशी खातात ते कळत नाही.

शनिवारपासून ते तुमची वाट बघणार आहेत. सकाळी आठला. जायचं की नाही ते तुम्ही ठरवा. त्यांनी मला तुम्हाला गळ घालायला सांगितलं होतं, ती मी घालत नाही.

पुढे माझं काय, ते ठरलेलं नाही. काझ्वीनमध्ये एका ठिकाणी बोलावलंय. मी त्यांना तो कागद आधीच पाठवला, नंतर भेटले की चेहरे बघत बसायला नको. तरीही बोलावलं. बघू.

आणि एक राहिलं होतं. आधीच्या एका पत्रात मी म्हटलं की उरलेलंही सांगते, आणि उरलेलं सगळं सांगितलं नाही.

त्या दिवशी "मर्जी तुमची" म्हटल्यानंतर तासाभराने मी खाली आले होते. तुम्ही मांडीवर फडकं घेऊन, तेलाचा दगड हातात धरून पाचव्या रॉडवर होतात. मी पाहिलं. तुमच्या शेजारी यावर आणि आणखी तिघं उभे होते, शिकत होते. मला त्याच क्षणी कळलं की हे चुकतंय. पण उस्ताला त्याच्या माणसांसमोर चूक दाखवायची नसते, हे मला आईने बोलायला शिकवायच्या आधी शिकवलंय. मी मनात म्हटलं, एवढ्या हलक्या हाताने काय होतंय. आणि वर गेले. वर जाऊन चहा प्याले.

माझी भीड होती ती, उस्ता. तुमचा मान राखतेय असं मला वाटलं. खरा मान ठेवला असता तर तुमच्या हातातून दगड काढून घेतला असता.

नव्या कागदात हेही लिहिलंय. चौथी ओळ. अल्लाहवेर्दींच्या काचेवर तुम्हाला दिसेल.

हे सगळं ऐकून तुम्ही काय म्हणाल ते मला पाठ आहे. बाहेर याल, हात झटकाल आणि म्हणाल, काही नाही पोरी, झालं गेलं, तुझी जागा माझ्या डोक्यावर. कारण दारात आलेल्या माणसाला आपल्याकडे दुसरं काही म्हणताच येत नाही. तुम्हाला राग असला तरी तेच म्हणाल, आणि मला कधीच कळणार नाही की ते खरं होतं की तीही नुसती रीत. मला रीतीची माफी नको आहे. तुम्हाला माफ करायचं नसेल, तर ते न करायची मोकळीक मी तुम्हाला देऊन जातेय. माझ्याकडे तुम्हाला देण्यासारखं एवढंच आहे.

पण माझ्याकडचं मी सांगून जाते, त्याला तुमच्या उत्तराची गरज नाही. तुम्ही मला पोरी म्हणालात. तुम्ही माझ्या चाळीस कॅपा लावल्यात. तुम्ही माझ्या दारात येऊन खरा प्रश्न विचारलात, आणि मी तो ओळखला नाही तरी तो विचारलात. आता कुठलीही रेघ काढताना माझा हात थांबतो आणि मी आधी विचारते, इथे दोघं भेटतात ते कसे. जन्मभर थांबेल. फार फार आभार, उस्ता.

कुऱ्हाडीचा आवाज थांबलाय. मिनीबस चौकात उभी आहे, ड्रायव्हर हॉर्नवर हात ठेवून बसलाय. तुमची पावलं घराला वळसा घालून येतायत. पत्र बाकावर ठेवलं, वर रॉड. निघाले मी.